‘काहीतरी कमी आहे’ म्हणजे नेमकं कुठल्या ओळीत?

प्रश्न : आमचा सहाजणांचा कथालेखनाचा गट आहे. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमतो. ज्याची पाळी असेल त्याने कथा वाचून दाखवायची, मग बाकीच्यांनी बोलायचं. गेल्या वेळी मी माझी ‘पिशवी’ ही कथा वाचली. गटातल्या ज्येष्ठ सरांनी सुरुवात केली : “कथा चांगली आहे, पण उंची गाठत नाही.” एक मैत्रीण म्हणाली, “छान आहे गं, पण काहीतरी कमी आहे.” तिसऱ्याने शेवटच बदलून सांगितला, त्यात सुमन पिशवी अंगणात भिरकावून देते. चौथी म्हणाली, सरांच्या बोलण्यात सगळं आलं. पाचवे काका नुसते हसले. घरी येऊन मी कथा काढली आणि परत ठेवून दिली, कारण दुरुस्त काय करायचं तेच कळेना. आता पुढच्या महिन्यात त्या काकांची पाळी आहे. वय 74, कथा पत्नीच्या आजारपणावर आहे. त्यांनी मला ती आधीच वाचायला दिलीय आणि खरं सांगायचं तर ती फसलीय. त्यांना काय सांगू? आणि माझ्या कथेचं काय करू? तिची पहिली तीन पानं सोबत जोडली आहेत.
— एक वाचक, सातारा

उत्तर :

चौघं बोलले, पण कागदावर बोट एकानेही ठेवलं नाही. तुम्हाला कथा परत ठेवून द्यावीशी वाटली ती त्यामुळे.

‘उंची’, ‘खोली’, ‘प्रवाही’, ‘भिडत नाही’ हे शब्द आपल्याकडे पुस्तक-परीक्षणांतून आले आहेत. परीक्षण असतं छापून आलेल्या पुस्तकाचं, आणि ते लिहिलेलं असतं वाचकासाठी. खर्ड्यावरचा अभिप्राय लेखकासाठी असतो, आणि लेखकाला तो घेऊन उद्या सकाळी कामाला बसायचं असतं. उंची वाढवायची म्हणून कुणी पेन्सिल हातात घेऊ शकत नाही. त्यामुळे अभिप्रायात आधी दोन गोष्टी हव्यात : कुठे, आणि तिथे वाचणाऱ्याचं काय झालं. कंटाळा आला, हसू आलं, गोंधळ उडाला, मागे जाऊन परत वाचावं लागलं, पान उलटायची घाई झाली, काहीही. असं का झालं हा तिसरा भाग आणि काय करावं हा चौथा. हे दोन्ही जितके कमी बोलाल तितकं बरं.

तुमच्याच तिसऱ्या पानावरचा परिच्छेद घेऊ.

“सुमनने दार उघडले. बाहेर दिनकर उभा होता. त्याला पाहून तिच्या मनात भावनांचा कल्लोळ उठला. एकीकडे संताप, तर दुसरीकडे जुन्या आठवणींची हुरहुर. ‘काय हवंय?’ तिने कोरडेपणाने विचारले. दिनकरला वाटलं, ही अजून रागावलेलीच आहे. त्याने पिशवी पुढे केली. ‘आंबे आणलेत. बागेतले.’ ती काहीच बोलली नाही. बारा वर्षांपूर्वी याच दिराने बागेच्या वाटपासाठी तिच्या नवऱ्याला कोर्टात खेचले होते.”

‘काहीतरी कमी आहे’ म्हणणारी तुमची मैत्रीण काहीतरी जाणवल्याशिवाय तसं म्हणाली नसेल. मला मात्र इथे काही कमी असण्यापेक्षा जास्तच झालेलं दिसतं. ओळीवर बोट ठेवून सांगतो.

दार उघडेपर्यंत मी सुमनच्या मागे उभा होतो. ‘भावनांचा कल्लोळ’ आला आणि मी लांब गेलो. संताप, हुरहुर ही नावं वाचताना कुणीतरी तिच्याविषयी मला माहिती देतंय असं झालं. ‘एकीकडे… तर दुसरीकडे’ ही जोडी शाळेतल्या निबंधाची आहे. ती दिसताच माझं वाचनही निबंधासारखं झालं, म्हणजे भरभर.

मग ‘काय हवंय?’ आलं आणि मी परत आत आलो. दारात आलेल्या दिराला ‘या’ न म्हणता ‘काय हवंय’ विचारणं, यात बारा वर्षं ऐकू येतात. लगेच ‘कोरडेपणाने’ हा शब्द आला आणि वाटलं, लेखिकेचा माझ्यावर भरवसा नाही.

‘दिनकरला वाटलं’ इथे मी अडखळलो. पहिली अडीच पानं मी सुमनच्या डोळ्यांनी पाहिली, एका वाक्यापुरता दिनकरच्या डोक्यात गेलो आणि पुढच्या ओळीत पुन्हा बाहेर. निवेदक दोघांच्या मनात जाऊ शकतो, त्याला मनाई नाही. पण तीन पानांत एकदाच गेला तर तो चुकून गेल्यासारखा वाटतो.

आणि ‘बागेतले’. या तीन पानांतला सगळ्यात जड शब्द हाच. पण मी तो वाचला तेव्हा बाग कुणाची हे मला ठाऊक नव्हतं. तो शब्द मी नुसता गिळला, पुढे दाव्याचं कळलं आणि मग मागे जाऊन त्याचं वजन लागलं. वाचकाला वाटपाचं आधी माहीत असावं की नंतर कळावं, हा निर्णय तुमचा. सध्या ते दोन ओळींनी उशिरा कळतं एवढंच मी सांगू शकतो. शिवाय एक प्रश्न पडला, ज्याचं उत्तर तिन्ही पानांत नाही : दाव्याचा निकाल लागलाय का? लागला असेल तर दिनकरचं ‘बागेतले’ म्हणजे ‘माझ्या बागेतले’, आणि दावा अजून चालू असेल तर ‘आपल्या’. एकाच पिशवीचा अर्थ दोन टोकांना जातो.

‘उघडले, विचारले’ यांच्यात मधेच एक ‘वाटलं’ शिरलंय. निवेदनात ‘-ले’ ठेवायचं की ‘-लं’, हे एकदा ठरवून घ्या. पण ते आज नाही. जो परिच्छेद कदाचित कापला जाईल त्यातले ऱ्हस्व-दीर्घ तपासत बसणं म्हणजे पाडायच्या भिंतीला रंग देणं. आपल्या गटांमध्ये नेमकं उलटं चालतं. शुद्धलेखनावर पंधरा मिनिटं जातात, कारण त्यात कुणाचं मन दुखत नाही आणि बोलणाऱ्याला खात्री असते. क्रम असा ठेवा : आधी अख्खी कथा, मग प्रसंग, मग वाक्य, आणि मात्रा-वेलांट्या अगदी शेवटच्या खर्ड्याला.

या तीन पानांत एक सरळसरळ चूकही आहे, मताबिताची नाही. सहाही जणांच्या कानांवरून ती गेली. ती शेवटी सांगतो, कारण ती का निसटली हे जास्त महत्त्वाचं आहे. कथा तुम्ही वाचून दाखवलीत म्हणून ती निसटली.

वाचून दाखवण्याची आपल्याला भारी हौस. कथाकथनाने ती महाराष्ट्राला लावली. पण चांगला आवाज कथेतली भोकं बुजवतो. लेखिका स्वतः वाचते तेव्हा कुठे थांबायचं, कुठल्या शब्दावर जोर द्यायचा हे ती सोबत देते, आणि छापील पानावर ते नसतं. ऐकणारा मागे जाऊन पहिलं पान पुन्हा बघू शकत नाही. त्यामुळे त्याच्याकडे उरतो तो एक एकूण ठसा, आणि एकूण ठशाला ‘उंची’ आणि ‘काहीतरी’ असलेच शब्द सुचतात. मोठ्याने वाचण्याचा खरा उपयोग वेगळाच आहे. तुमचे संवाद दुसऱ्या कुणालातरी तयारीशिवाय वाचायला द्या आणि तुम्ही हातात प्रत घेऊन बसा. जिथे त्याची जीभ अडखळेल तिथे खूण करा. बोलीतले संवाद असतील तर हे हमखास करा. एकाच पात्राच्या तोंडी एका पानावर घाटावरचं ‘न्हाई’ आणि दुसऱ्या पानावर कोकणातलं ‘नाय’ आलं, तर डोळ्यांआधी जिभेला कळतं.

तेव्हा गटाची पद्धत बदला. बैठकीला दोनच कथा, प्रत्येकी फार तर 3000 शब्दांची, आणि सात दिवस आधी सगळ्यांच्या हातात कागदावर. अक्षर 14 आकाराचं, ओळींत दीडपट अंतर, उजवीकडे दोन इंच समास. असं छापलं की ए-फोर पानावर साधारण 250 ते 300 शब्द बसतात, म्हणजे दहा-बारा पानं झाली. पान क्रमांक घाला, दर पाचव्या ओळीला आकडा घाला. आकडे दिसायला कोर्टाच्या कागदासारखे दिसतील, पण ‘ते मधे कुठेतरी ती आई येते ना, तिथे’ यात जाणारा वेळ वाचेल.

घरी कथा दोनदा वाचायची. पहिल्यांदा एका बैठकीत, सलग. हातात पेन्सिल असली तरी तीनच खुणा करायच्या : मन रमलं तिथे बरोबरची खूण, लक्ष उडालं तिथे नागमोडी रेघ, कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह. कारण लिहायचं नाही. लक्ष कुठे उडालं हे फक्त पहिल्याच वाचनात पकडता येतं, दुसऱ्यांदा तुम्हाला पुढचं ठाऊक असतं. दुसरं वाचन दुसऱ्या दिवशी, सावकाश, आणि मग प्रत्येक खुणेशेजारी समासात एक ओळ. शेवटी कोऱ्या कागदावर कथा काय आहे ते दोन वाक्यांत लिहायचं. लेखकाला सगळ्यात जास्त उपयोग या दोन वाक्यांचा होतो. पाचातल्या चौघांनी तुमच्या कथेला ‘दोन भावांचं भांडण’ म्हटलं आणि तुम्ही सुमनची कथा लिहिली असं समजत होतात, तर पुढचे सगळे अभिप्राय बाजूला ठेवून आधी इथेच थांबावं लागेल.

बैठकीत ज्याची कथा आहे त्याने गप्प बसायचं. 1956 साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या मिलफर्ड गावी विज्ञानकथा लेखकांच्या बैठका सुरू झाल्या, त्यांतून ही रीत पसरली : वाचकांनी गोलाकार बसून एकेकाने ठरलेली मिनिटं बोलायचं, लेखकाने सगळ्यांचं होईपर्यंत ‘हं’सुद्धा म्हणायचं नाही, आणि शेवटी त्याची पाळी. तुमच्या गटाचं गणित सोपं आहे. पाच वाचक, प्रत्येकी चार मिनिटं, म्हणजे वीस मिनिटं. मग लेखकाला दहा. अर्ध्या तासात एक कथा, तासाभरात दोन, मग चहा. मोबाइलवर चार मिनिटांचा गजर लावा आणि तो सरांनाही लावा.

बोलायची सुरुवात सरांनी करायची नाही. गटात सगळ्यात नवखा असेल त्याने पहिलं बोलायचं आणि सरांनी सगळ्यांत शेवटी. आपल्याकडे वयाने किंवा पदाने मोठा माणूस आधी बोलला की पुढच्या अभिप्रायांवर पाणी पडतं. ‘सरांच्या बोलण्यात सगळं आलं’ हे तुमच्या चौथ्या मैत्रिणीचं मत होतं असं मला वाटत नाही, तो मान होता. नियम म्हणून ठरवलंत तर सरांना राग यायचं कारण नाही. उलट शेवटी बोलणं हाही मानच आहे, हे त्यांना तसंच सांगा.

त्यांच्या ‘उंची’ला मात्र असंच सोडू नका. तुमची दहा मिनिटं सुरू झाली की विचारा : “सर, कुठल्या पानापर्यंत ती गाठेल असं वाटत होतं?” बहुतेकांना पान आठवतं, आणि पान आठवलं की कारण मागोमाग येतं. ‘खोली नाही’ म्हणणाऱ्याला विचारायचं, कुणाबद्दल आणखी कळायला हवं होतं? ‘भिडली नाही’ म्हणणाऱ्याला, शेवटचं कुठे सोबत होतात? ‘प्रवाही आहे’ हे कौतुक असलं तरी त्यालाही सोडू नका. कुठल्या पानावर न थांबता पुढे गेलात, ते कळलं तर दुरुस्तीच्या वेळी त्या पानाला हात लावायचा नाही एवढं तरी ठरतं.

तिसऱ्या गृहस्थांनी पिशवी भिरकावून दिली, त्याचं काय? लिहिणाऱ्या वाचकाचा हा नेहमीचा आजार आहे. त्याला तुमची कथा वाचता वाचता स्वतःची सुचते. तो शेवट घेऊ नका, पण फेकूनही देऊ नका. त्यांना असं वाटलं याचा अर्थ एवढाच, की शेवटाकडे जाताना सुमनने काहीतरी करावं असं त्यांच्या मनात साचत गेलं होतं. कुठल्या ओळीपासून साचलं, ते विचारा. तुम्हाला ते साचायला हवं होतं की नको होतं, हे तुम्हालाच माहीत. मी शेवट वाचलेला नाही, त्यामुळे याहून जास्त बोलत नाही.

पुनर्लेखनाची मागणी करण्याचा अधिकार संपादकाला असतो, कारण छापायचं त्याला असतं. ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी लेखकांना सविस्तर पत्रं लिहून कथा पुन्हा लिहून घेतल्या. मराठी कथेवर त्याचा ठसा आहे आणि सगळ्या कथा एका साच्याच्या होतात अशी टीकाही त्यांच्यावर झाली. तुमच्या गटाकडे छापायचं मासिक नाही. तेव्हा गटाने वाचकच राहावं.

घेणाऱ्याच्या बाजूने जमवायला सगळ्यात कठीण वाक्य म्हणजे ‘लिहून घेतलं’. कुणी म्हणालं, दिनकर इतक्या वर्षांनी आत्ताच का आला ते कळलं नाही, की तोंडातून आपोआप निघतं : ‘ते पुढे येतं ना, पान सातवर.’ पुढे येत असेलही. पण तिसऱ्या पानावर त्या वाचकाला ते हवं होतं, आणि पान सात घेऊन तुम्ही प्रत्येक वाचकाच्या घरी जाणार नाही. ‘खऱ्या आयुष्यात अस्संच झालंय’ हा दुसरा बचाव. घडलेलं असणं आणि पटणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. खरं घडलेलंच पुष्कळदा जास्त न पटणारं असतं, कारण आपल्याला त्याची कारणं ठाऊक असतात म्हणून ती लिहायची राहून जातात.

शेवटच्या दहा मिनिटांत ‘आवडली का?’ विचारू नका. त्याला एकच उत्तर येतं आणि ते खरं की सभ्यपणाचं हे ओळखता येत नाही. ज्यांची उत्तरं वाचकाला माहीतच असतात असे तीन प्रश्न आधीच लिहून न्या. तुमच्या कथेसाठी मी हे विचारले असते : सुमनचं वय किती वाटलं? दिनकर पिशवी पुढे करतो तेव्हा तुम्ही कुणाच्या बाजूला होतात? शेवट काय होणार हे कितव्या पानावर कळलं? वयाचा प्रश्न साधा वाटतो, पण पाच वाचकांनी 28 पासून 60 पर्यंत उत्तरं दिली तर सुमन अजून कागदावर उतरलेली नाही, हे कुणी टीका न करताही तुम्हाला कळतं.

घरी आल्यावर कथा आठवडाभर उघडायची नाही. मग सगळ्यांच्या प्रती शेजारी शेजारी ठेवा आणि एका कोऱ्या प्रतीवर खुणा उतरवून काढा, प्रत्येक वाचकाला वेगळा रंग. पाचातल्या तिघांची नागमोडी रेघ एकाच ठिकाणी आली, तर तिथे काहीतरी आहे हे नक्की. त्यांनी दिलेली कारणं वेगळी असली तरीही, किंवा वेगळी असली तर जास्तच. पुष्कळदा मूळ दोन पानं आधी असतं : रडण्याचा प्रसंग खोटा वाटतो तो त्यातल्या वाक्यांमुळे नसून आधी त्या दोघांना एकत्र पाहिलेलंच नसतं म्हणून. एकाच वाचकाची रेघ असेल तर तो वाचक कोण ते बघा. दाव्याबद्दल वकिलाने अडखळणं आणि दुसऱ्याने अडखळणं यांत फरक आहे. एकाला आवडलेली ओळ दुसऱ्याला खटकली असेल, तर घाईने काढू नका. ज्या शेऱ्याने तुमचं डोकं फिरलं तो वेगळ्या कागदावर लिहून महिनाभराने वाचा. त्यातले निम्मे मूर्खपणाचे निघतील, पण उरलेल्या निम्म्यांसाठी तेवढं थांबणं परवडतं.

जुना खर्डा पुसू नका, प्रत्येक खर्ड्याची फाइल वेगळी ठेवा. आणि वाचक जपून वापरा. पहिलं वाचन एका माणसाकडून एकदाच मिळतं. गटातल्या पाचही जणांना पहिलाच खर्डा दिलात तर दुसऱ्या खर्ड्याला कोऱ्या डोळ्यांचं कुणी उरत नाही. ते ‘आता बरीच सुधारली’ म्हणतील आणि ते खरंही असेल, पण ती तुलना झाली. निदान एक चांगला वाचक गटाबाहेर राखून ठेवा, शक्यतो न लिहिणारा.

दिवाळी अंकाला पाठवायचा विचार असेल तर वेळेचं गणित मागून करा. बहुतेक अंकांचं साहित्य जून-जुलैच्या आसपास गोळा होतं, म्हणजे पहिला खर्डा मार्चपर्यंत गटात यायला हवा. अंकांची अट सहसा ‘अप्रकाशित’ असते, तेव्हा अभिप्रायासाठी म्हणून अख्खी कथा कुठे जाहीर टाकू नका. कागदावर किंवा ज्याच्या त्याच्या मोबाइलवर द्या.

आता काका.

आधी त्यांना एकट्याला फोन करा आणि विचारा, ही कथा कुणासाठी लिहिलीत? मुलांसाठी, नातवंडांसाठी म्हणाले तर तुमचं काम तारखा आणि नावं तपासून देणं, चांगल्या कागदावर छापायला मदत करणं, एवढंच. त्या लिखाणाला कथेची फूटपट्टी लावायचं कुणाला काही कारण नाही. अंकाला पाठवायची म्हणाले तर ते वाचक मागताहेत, आणि वाचक मिळणं हा त्यांचा हक्क आहे. 74 वय आणि विषय बघून नुसतं ‘डोळ्यांत पाणी आलं काका’ म्हणून सुटणं म्हणजे त्यांना लेखक न मानणं.

त्यांच्या बैठकीसाठी मिलफर्डची रीत नको. स्वतःच्या बायकोच्या आजारपणावर पाचजण बोलताना माणसाने गप्प बसायचं, हे क्रूर आहे. अमेरिकेतल्या नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी 1990 मध्ये एक पद्धत मांडली, ती इथे बसते. तिच्यात चार पायऱ्या आहेत : आधी वाचकांनी मनात काय राहिलं ते सांगायचं, मग लेखकाने प्रश्न विचारायचे, मग वाचकांनी लेखकाला ज्यांत मत दडलेलं नाही असे सरळ प्रश्न विचारायचे, आणि शेवटी मत, पण लेखकाची परवानगी घेऊन. उदाहरणार्थ, “पान सहावरच्या स्वप्नाबद्दल माझं एक मत आहे, ऐकायचंय का?” नको म्हणाले तर विषय संपला. तिसरी पायरी अवघड असते. ‘इतकं लांब स्वप्न कशाला, काका?’ हा प्रश्न नाही, ते प्रश्नचिन्ह लावलेलं मत आहे. ‘स्वप्न लिहिताना तुमच्या मनात काय होतं?’ हा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर देताना त्यांना स्वतःलाच काहीतरी सापडायची शक्यता मोठी.

तुम्ही बोलताना कथेतल्या माणसाला ‘तुम्ही’ म्हणू नका, ‘कथेतला नवरा’ म्हणा. ‘तुम्ही तिच्यावर चिडलात तिथे’ आणि ‘नवरा चिडतो तिथे’ यांतलं पहिलं वाक्य ऐकून माणूस स्वतःची बाजू मांडतो, दुसरं ऐकून कागदाकडे बघतो. आधी गोड, मग कडू, मग पुन्हा गोड ही युक्ती करू नका. ती सगळ्यांना पाठ आहे, ऐकणारा पहिल्या गोडाला मान डोलावत ‘पण’ची वाट बघत असतो. त्यापेक्षा कौतुकालाही पान आणि ओळ द्या. फसलेल्या कथेतही दोन-तीन जागा खऱ्या असतात, त्या शोधण्यासाठी गरज पडली तर तिसऱ्यांदा वाचा. औषधाच्या बाटलीवर चिकटवलेली पट्टी, पाहुण्यांना चहा कुणी केला ते, तिच्या चपला किती दिवस दारात राहिल्या ते, अशा जागा. ‘इथे मी थांबले’ एवढं पुरतं. मग अडचण एकच सांगा, सगळ्यात मोठी. बारा चुका दाखवल्या तर काका बाराही दुरुस्त करतील आणि कथा होती तिथेच राहील. कुठली एक, हे मी कथा न वाचता सांगू शकत नाही. पण आजारपणाच्या कथा पुष्कळदा तारखेवार लिहिल्या जातात : तपासणी, अहवाल, दवाखाना, दुसरा दवाखाना. वाचक तारखा मोजत राहतो आणि माणसं हातातून सुटतात. तसंच झालं असेल तर ‘पान तीन ते सात मी दवाखान्यांची नावं वाचत होते, काकू मला दिसेनाशा झाल्या’ हे म्हणायला हरकत नाही. अर्थात त्यांनी ‘ऐकायचंय’ म्हटल्यावर.

ता. क. — ती चूक. पहिल्या पानावर अंगणात पोरं किल्ल्यासाठी माती कालवताहेत, म्हणजे दिवाळी तोंडावर आहे. तिसऱ्या पानावर, त्याच संध्याकाळी, दिनकर बागेतले आंबे घेऊन येतो. हापूस मृगाच्या पावसाबरोबर संपतो. पोरांना मे महिन्यात न्यायचं, की पिशवीत दुसरं काही घालायचं, ते तुमचं तुम्ही बघा.